हृदय कमजोर असताना गुडघेदुखीची गोळी घ्यावी का?

*पत्र थोडक्यात असं:* माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. एसटीत कंडक्टर होते. हार्ट अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, लघवीची टॉर्सेमाइड, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. तब्येत छान होती, रोज देवळापर्यंत चालत जायचे. दिवाळीनंतर गुडघे इतके दुखायला लागले की रात्री संडासला उठणंही होईना. सासूबाईंनी ओळखीच्या मेडिकलमधून दुखण्या-सुजेच्या गोळ्या आणल्या. गुडघे दोन दिवसांत मोकळे झाले, पण पायांवर सूज आली. सूज दिसते म्हणून त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या. आठवड्याभरात त्यांना आडवं पडवेना, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२ वरून २.१ झालं होतं, पोटॅशियम ५.९. डॉक्टर सासूबाईंना सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून त्या नीट जेवत नाहीत. माझे मिस्टर म्हणतात, हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय असं कमजोर पडतं तेव्हा, शरीरात इन्फ्लमेशन (दाह) असतं असं वाचलंय, मग इन्फ्लमेशन कमी करणारी गोळी वाईट कशी? आता बाबांच्या गुडघ्याला काय द्यायचं? लग्नकार्याला, प्रवासाला एखादी गोळी तरी चालेल का? — एक सून, मोहोळ

ताई,

आधी सासूबाईंचं बोलू. त्यांनी नवऱ्याला रात्री भिंत धरून उठताना पाहिलं आणि जे हाताशी होतं ते केलं. हृदयाच्या पेशंटने ही गोळी घ्यायची नसते, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? डिस्चार्ज कार्डावर घ्यायच्या गोळ्यांची लांबलचक यादी असते, न घ्यायच्या गोळ्यांची एक ओळही नसते. मला याचा फार राग येतो. जी गोष्ट घरच्यांना सांगायचं काम आमचं, डॉक्टरांचं, ती सांगितली नाही म्हणून घरच्यांनाच बोलायचं, हे बरोबर नाही. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. त्यांनी काही वाईट केलेलं नाही, आणि पुढे बाबांची काळजी सगळ्यांत नीट त्याच घेतील, कारण काय घडलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आता गोळीचं. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. मेडिकलवाला गोळ्यांच्या पत्त्यातून कात्रीने सहा गोळ्या कापून देतो आणि नाव नेमकं उरलेल्या तुकड्यावर राहतं. ओपीडीत पिशवी उपडी केली की असे बिननावाचे चंदेरी तुकडे हमखास निघतात. पण दुखणं आणि सूज दोन्हीसाठी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड, नेप्रोक्सेन यांपैकी एखादी, कित्येकदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत घातलेली. या सगळ्यांना आम्ही एनएसएआयडी म्हणतो, म्हणजे स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधं. दुकानं वेगळी, रंग वेगळे, काम एकच: शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती या गोळ्या तयार होऊ देत नाहीत. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनबाबत हे दाखवून दिलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

गुडघ्यात प्रोस्टाग्लँडिन दुखवतं, तिथे ते कमी झालं की आराम पडतो. पण तेच रसायन किडनीत फार मोलाचं काम करत असतं, आणि बाबांचा घात तिथे झाला. मोहोळकडच्या माणसाला कालव्याचं आवर्तन समजावून सांगायला नको. वरून पाणी कमी सुटलं की टोकाच्या शेताची चारी कोरडी पडते, आणि ते शेत भिजतं ते कुणीतरी दारं धरून उभं असेल तरच. कमजोर हृदयातून किडनीकडे रक्त कमी जातं. त्यात शरीर घाबरून सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळायला लागतं. अशा वेळी किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीकशी रक्तवाहिनी उघडी धरून ठेवतं ते प्रोस्टाग्लँडिन. धडधाकट माणसाच्या किडनीला त्याची फारशी गरज पडत नाही, म्हणून तुमच्या मिस्टरांनी पाठ दुखते म्हणून दोन गोळ्या घेतल्या तर काही होत नाही. बाबांची किडनी मात्र त्याच्याच भरवशावर चालली होती.

ती रक्तवाहिनी आवळली की एकामागोमाग गोष्टी घडतात. किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. टॉर्सेमाइड चालू असूनही लघवी कमी होते, कारण लघवीच्या गोळीच्या कामातही प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो. शिवाय ही औषधं लघवीच्या गोळीला किडनीतल्या तिच्या जागेपर्यंत पोचू देत नाहीत. रक्तदाब थोडा चढतो आणि थकलेल्या हृदयाला त्याविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. क्रिएटिनिन वाढतं. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही औषधं आधीच पोटॅशियम थोडं वाढवतात. किडनी मंदावली की ते धोक्याच्या पातळीला जातं. ५.९ हा आकडा साधा नाही. पोटॅशियम असंच वाढत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याची आगाऊ सूचना मिळतेच असं नाही. बाबांना दम लागला आणि तुम्ही त्याच रात्री नेलंत, हे फार चांगलं केलंत.

सूज आली म्हणून गोळ्या चालूच ठेवल्या, ही गोष्ट मला वारंवार दिसते. गुडघ्याची सूज दाहाची: सांधा गरम, दुखरा, वाकवताना त्रास. पायाची सूज पाण्याची: नडगीच्या हाडावर अंगठा दाबून दहापर्यंत मोजा, अंगठा काढल्यावर तिथे खड्डा राहतो आणि हळूहळू भरतो. मोज्याच्या रबराची खूण संध्याकाळी खोल दिसते. पाण्याच्या सुजेवर दाहाची गोळी घेतली तर पाणी आणखी साठतं. सासूबाईंना हा अंगठा दाबून बघायला शिकवा.

हे काही एखाद-दुसऱ्या पेशंटवरून बांधलेलं मत नाही. ऑस्ट्रेलियातला २०००चा एक अभ्यास आहे. आधीच्या आठवड्यात अशी गोळी घेतलेल्यांत हार्ट फेल्युअरने ॲडमिट होण्याची शक्यता दुपटीच्या आसपास दिसली, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात पहिल्यांदा ॲडमिट होण्याची शक्यता सुमारे दहापट. २००९ मध्ये डेन्मार्कमधून आणखी मोठी पाहणी आली. हार्ट फेल्युअरने पहिल्यांदा ॲडमिट होऊन वाचलेल्या १,०७,०९२ पेशंटची नोंद त्यांनी तपासली. धोक्याचं माहीत असतानाही त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने पुढे या गोळ्या घेतल्या होत्या. डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका दुपटीच्या आसपास, आयबुप्रोफेनमध्ये सुमारे ३० टक्के जास्त, नेप्रोक्सेनमध्ये सुमारे २० टक्के जास्त, आणि डोस वाढला तसा धोका वाढलेला. अशा नोंदींवरून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मी मान्य करते. पण किडनीत काय घडतं ते माहीत आहे, आकडे त्याच दिशेने बोलतात, आणि पेशंटही डोळ्यांसमोर येतात. युरोपच्या आणि अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही हार्ट फेल्युअरमध्ये या गोळ्या टाळा, असंच सांगतात.

दोन समज इथेच दूर करते. “सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली होती” असं लोक सांगतात. पँटोप्राझोलने जठर वाचतं, किडनीला त्याचा काही उपयोग नाही. आणि एटोरिकॉक्सिबसारखी ‘पोटाला सोसणारी’ गोळी हृदयालाही सोसेल असं वाटतं, तेही चूक. ती ज्या एन्झाइमवर नेम धरते ते किडनीत कायमच काम करत असतं. याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब हार्ट अटॅकच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून बाजारातून काढून घ्यावं लागलं. इंजेक्शनही चालणार नाही. “एक सुई मारा डॉक्टर, उद्या लग्न आहे” म्हणून जे दिलं जातं ते बहुधा डायक्लोफिनॅकच असतं.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. त्यांनी वाचलं ते खरं आहे, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या रक्तात टीएनएफ नावाचं दाह वाढवणारं प्रथिन जास्त सापडतं, हे १९९० मध्येच दिसून आलं होतं. तेव्हा शास्त्रज्ञांनाही हेच वाटलं की दाह दाबला तर हृदय सुधारेल. टीएनएफ रोखणारी, संधिवातात उत्तम चालणारी औषधं हार्ट फेल्युअरच्या पेशंटना देऊन पाहिली. एटानर्सेप्टच्या मोठ्या चाचण्या फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवाव्या लागल्या. इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी १५० पेशंटवर झाली, २००३ मध्ये निकाल आला: मोठ्या डोसच्या गटात मृत्यू आणि ॲडमिट होणं वाढलं होतं. म्हणून आजही मध्यम किंवा जास्त हार्ट फेल्युअर असलेल्या संधिवाताच्या पेशंटला ते औषध मोठ्या डोसात देत नाहीत.

पुढे २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या वेगळ्या इंजेक्शनची चाचणी झाली, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण असलेल्या दहा हजारांवर लोकांवर. त्यात पुन्हा अटॅक येणं कमी झालं, हार्ट फेल्युअरने ॲडमिट होणंही डोसागणिक कमी दिसलं. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, आणि हृदयासाठी ते औषध काही रुळलं नाही. म्हणजे दाहाचा हृदयाशी संबंध नक्की आहे. कोणता दाह, कुठल्या वाटेवर आणि किती दाबायचा, हे काम अजून चालू आहे. मेडिकलमधली दुखण्याची गोळी या शोधाच्या जवळपासही येत नाही. हृदयातला दाह ती कमी करत नाही आणि किडनीचं पाणी मात्र अडवते. मिस्टरांना हे नीट समजावून सांगा. ते वाचतात ही चांगली गोष्ट आहे, त्यांना गप्प करू नका.

ॲस्पिरिनवरून मात्र गोंधळ होऊ देऊ नका. तीही याच घराण्यातली, पण बाबांना रोज चालू असलेली छोटी मात्रा रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे आणि एवढ्या मात्रेत ती किडनीवर तसा ताण आणत नाही. हे वाचून ती बंद करू नका. उलट ॲस्पिरिनच्या आधी आयबुप्रोफेन पोटात गेलं तर ॲस्पिरिनचा उपयोग कमी होतो.

मग गुडघ्याचं काय? दुखणं सोसा, असं मी मुळीच सांगणार नाही. दुखतं म्हणून माणूस चालायचा थांबतो, आणि चालणं थांबलं की हृदयही मागे पडतं.

गोळीमध्ये पहिली पॅरासिटामॉल. ५०० किंवा ६५०ची एक, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसभरात मिळून ३ ग्रॅमच्या आत. वजन ५० किलोच्या खाली असेल, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. आणि साधी गोळीही महिनोन् महिने पूर्ण डोसात नको: २०२२ मध्ये एडिंबरामधून आलेल्या चाचणीत रोज ४ ग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे ५ अंकांनी वाढलेला दिसला. दुखेल त्या दिवसांपुरती घ्यावी.

लावायचं डायक्लोफिनॅक जेल गोळीपेक्षा बरंच सुरक्षित आहे. गोळीच्या मानाने त्याचा अगदी थोडा भाग रक्तात उतरतो, सुमारे ६ टक्के. पण बाबांची किडनी नुकतीच दुखावली आहे, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट पूर्ववत होईपर्यंत तेही थांबवा. नंतर डॉक्टरांच्या परवानगीने गुडघ्यापुरतं, थोडे दिवस. पाठ, खांदे, दोन्ही गुडघे असं अंगभर चोळलं तर ते ‘थोडं’ राहत नाही. तोवर गरम पाण्याची पिशवी चालेल, टॉवेलमध्ये गुंडाळून. डायबेटिस असेल तर आधी ती तुमच्या हाताला लावून बघा.

खरा इलाज मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीत टेकून बसायचं, एक पाय गुडघ्यात सरळ करून समोर उचलायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. एका पायाने दहा वेळा, मग दुसरा. दिवसातून दोनदा. श्वास रोखायचा नाही, दम लागला तर थांबायचं. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन नीट शिकून घ्या. जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात काठी. भारतीय संडासावर ठेवायची खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या, त्याने रात्रीचा निम्मा त्रास जाईल. जमिनीवर मांडी घालून जेवणं बंद. बाबांना पंगतीतून उठवल्यासारखं वाटेल, म्हणून सगळ्यांनीच टेबलावर बसा.

एवढ्याने भागलं नाही तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा आणि आत शिरल्या शिरल्या “हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे” हे पहिलं वाक्य बोला. सांध्यात स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन काहींना चालतं. पोटातून घेण्याच्या स्टेरॉइडने मात्र मीठ-पाणी साठतं. ट्रामाडोलसारखी औषधं डॉक्टर विचार करून देऊ शकतात. नसांच्या दुखण्याला दिली जाणारी प्रीगाबालिनही पायावर सूज आणू शकते, लिहून दिली तर विचारा. आणि सांध्याला एकाएकी लाली येऊन तो पेटल्यासारखा दुखला, विशेषतः पायाचा अंगठा, तर तो गाउट असू शकतो. लघवीच्या गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं. त्याला कोल्चिसिन हे वेगळं औषध आहे, किडनी बघून कमी डोसात देतात.

एक कळकळीने सांगते. आठवडी बाजारात किंवा कुणाच्या शिफारशीने मिळणारी ‘संधिवाताची’ पुडी, जिच्यावर काही लिहिलेलं नसतं आणि जिच्याने दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, ती घरात येऊ देऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि हीच दुखण्याची औषधं मिसळलेली सापडलेली आहेत.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी बाबांचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर दम लागायची वाट न बघता फोन करा. ‘कमी सोडियमचं’ मीठ आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मेडिकलमधून गोळी घ्यायचीच झाली तर गोळ्यांचा पूर्ण पत्ता मागा. नाव दिसलं पाहिजे आणि बिल मिळालं पाहिजे. या घराण्यातल्या बऱ्याच औषधांच्या पत्त्यावर लाल पट्टी असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. बाबांच्या खिशातल्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘हार्ट फेल्युअर आहे, एनएसएआयडी देऊ नये.’ दाताच्या डॉक्टरांनाही ती दाखवायची.

एखादी गोळी चालेल का? नाही. एका गोळीने प्रत्येक वेळी अनर्थ होतो असं नाही, पण कुठल्या गोळीने होईल हे आधी कळत नाही, आणि बाबांची किडनी आता एकदा दाखवून चुकली आहे. लग्नाला जाताना निघण्याआधी पॅरासिटामॉल, गाडीत पुढची सीट, तासाभराने उतरून चार पावलं, आणि मांडवात खुर्ची. प्रवासात संडासला जावं लागेल म्हणून लघवीची गोळी चुकवू नका, पोचल्यावर घेतली तरी चालते का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

शेवटचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वाढल्यामुळे दवाखान्यात स्पायरोनोलॅक्टोन थांबवलं असेल, कदाचित सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनही. त्या वेळी ते योग्यच. पण दुखण्याची गोळी बंद झाली की किडनी बहुतेकदा काही दिवसांत-आठवड्यांत सावरते, आणि थांबवलेली औषधं मात्र कुणाच्या लक्षात न राहता बंदच राहतात. ती आयुष्य वाढवणारी औषधं आहेत. जुनी चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून कुठलं नाव गळलंय ते आजच बघा. आठवड्याभरात क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा तपासा आणि तो रिपोर्ट घेऊन सासूबाईंनाही सोबत न्या. डॉक्टरांना सरळ विचारा: कुठलं औषध, कुठल्या तारखेपासून आणि किती डोसात पुन्हा चालू करायचं? उत्तर कार्डावर लिहून घ्या. न घ्यायच्या गोळ्यांची नावंही त्याच कार्डावर, त्यांच्याच हातून लिहून घ्या.